रविवारची किक

दर रविवारी साडेनऊला मी सुमेधच्या स्कूटरवरचं कव्हर काढतो.
किक मारतो. दोन मिनिटं चालू ठेवतो.
बॅटरी मरू नये म्हणून, असं सांगतो
वॉचमनला, आणि तळमजल्यावरच्या फडतरेबाईंना,
ज्यांनी विचारलेलं नसतं.

पोरं अंदमानात आहेत. पोर्ट ब्लेअरहून पुढे बोटीनं दोन तास.
कृपालीला सरकारी दवाखान्यात औषधं द्यायची नोकरी लागली,
आणि हा गेला.
बायकोच्या मागून गेला, म्हणतात भावकीत.
मी म्हणतो, बस सुटल्यावर
कंडक्टर काय थांब्यावर उभा राहतो?

फोन येतो तो रेंज असेल तेव्हा.
त्यातून तुकडे जमवून जमवून
इथं विश्रांतवाडीत बसून मी त्यांचं घर बांधलंय:
पत्र्याचं छप्पर. वर नारळ पडला की बॉम्ब.
न्हाणीत एक खेकडा राहतो, त्याला आता हाकलत नाहीत,
त्याचं उरकलं की यांची आंघोळ.
मीठ ओलं, काडेपेटी ओली,
लग्नाच्या अल्बमात माझ्या चेहऱ्यावर बुरशी.
भाजी बोटीनं येते. समुद्र बिघडला की येत नाही,
मग आठ दिवस भोपळा.
कोथिंबिरीच्या चार काड्या तीस रुपयांना.
हे ऐकल्यापासून ही
जुडी निवडताना देठसुद्धा टाकत नाही.

"भांडण झालं तर जायचं कुठे हो, आई?"
कृपाली हिला विचारत होती.
"तरातरा चालत निघालं तरी पाऊण तासात बेट संपतं.
परत फिरावंच लागतं."
दोघी हसल्या.
मी टीव्हीचा आवाज आधीच बारीक केला होता.

मग परवा, व्हिडिओवर,
सुमेधने पाणी प्यायला ग्लास उचलला
आणि मला त्याची नखं दिसली.
काळी.

एकतीस वर्षं मी स्वारगेटच्या वर्कशॉपात
बसच्या पोटाखाली उताणा.
रॉकेलनं हात धुवायचो, तरी भाकरीला वास यायचा.
ह्याच्या बोटांना तो लागू नये म्हणून
पीएफ मोडला, कॉलेज केलं, कॉम्प्युटर घेतला हप्त्यानं.
काय करतोस रे तिकडं?
म्हणाला, कंपनीनं मार्चमध्येच काढलं, पप्पा.
इथं एका बंगाली दादाच्या बोटी आहेत,
त्यांची इंजिनं बघतो. खारं पाणी फार खातं.

मी गप्प.
त्याला वाटलं, रेंज गेली.
"हॅलो? पप्पा? दिसतोय का मी?"
दिसत होता.
म्हटलं, धुण्याच्या पावडरीत लाकडाचा भुसा घाल,
वर दोन थेंब खोबरेल. रॉकेल वापरू नको, कातडी सोलते.
आणि प्लग काढलास की कुठला कुठे ते लिहून ठेव,
आपल्या डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही.
"खोबरेल आहे," म्हणाला. "खोबरेलाला काय तोटा."

जाता जाता म्हणाला, स्कूटर विकून टाका.
धानोरीचा एक मुलगा बघायला आला. अडतीस म्हणाला.
मी बावन्न सांगितले.
गेला बिचारा. ही दारातून बघत होती, बोलली नाही.

काल कृपालीचा फोन. पाच वाजले होते फक्त,
तिकडं मिट्ट काळोख, लाईट गेलेली,
दोघांचे चेहरे मेणबत्तीएवढे.
"तुमच्याकडे अजून ऊन आहे?"
आहे की.
"दाखवा ना."

कॅमेरा उलटा कसा करतात मला जमेना,
बराच वेळ त्यांना माझा कानच दिसला.
मग ही आली, तिनं कुठलंतरी बटण दाबलं,
आणि मी गॅलरीतून हात बाहेर काढून धरला:
समोरच्या बिल्डिंगच्या काळ्या टाक्या, त्यांवर पिवळं ऊन,
लोहगावकडे उतरणारं विमान,
कुणाचीतरी वाळत घातलेली चादर.
तिकडून आवाज नाही.
"अजून खाली," सुमेध म्हणाला. "पार्किंगकडे."

वाकलो. हात भरून आला होता.
कव्हर काढलेलं होतं.
शनिवार होता.